फिलोथियासाठी लिहिलेले पुस्तक

सन १६०९ मध्ये फ्रान्समधील लियाँ शहरी एक पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठीत त्याचे नाव 'भक्तिमय जीवनाची ओळख' असे देता येईल. लेखक होते जिनिव्हाचे महागुरू संत फ्रान्सिस डी सेल्स. जिनिव्हा तेव्हा कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या हाती असल्याने ते आनसी येथे राहून धर्मप्रांताचा कारभार पाहत असत.

मुळात हे पुस्तक नव्हतेच. मादाम द शारम्वासी या त्यांच्या नात्यातील विवाहित स्त्रीला मार्गदर्शन म्हणून महागुरूंनी काही टिपणे लिहून दिली होती. ती एका येशूसंघीय धर्मगुरूंच्या पाहण्यात आली व त्यांनी छपाईचा आग्रह धरला. छापताना त्या स्त्रीच्या जागी 'फिलोथिया', म्हणजे देवावर प्रेम करणारी, असे संबोधन योजण्यात आले.

तोवर भक्तीविषयीचे बहुतेक ग्रंथ संसार सोडलेल्यांसाठी असत. फ्रान्सिस यांनी मुद्दाम शहरात, घरात, राजदरबारात राहणाऱ्यांसाठी लिहिले. महागुरूने मठवासीयासारखा एकांत धरला, किंवा कारागीर दिवसभर मंदिरात बसून राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद ठरेल, असे ते स्पष्ट बजावतात. प्रपंच आणि परमार्थ यांची फारकत त्यांना मान्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे असे शिकवले. तरीही 'ते फादर-सिस्टरांचे काम' हे उद्गार आमच्या कानी अजून पडतात. त्याचा काही दोष आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांकडेही जातो, हे आम्ही मान्य करतो.

पुस्तकाचे भाग पाच, प्रकरणे मात्र अगदी छोटी. प्रार्थना आणि पापनिवेदन यांच्याबरोबरीने मैत्री, पोशाख, राग, परनिंदा हेही विषय येतात. नृत्याची तुलना ते अळंब्यांशी करतात: उत्तमातली उत्तम अळंबीही फारशी हितकर नसते, तेव्हा खायचीच तर बेताने खावी. (लग्नसराईत हे प्रकरण वाचून पाहावे!)

अशा पुस्तकालाही एक अडचण आलीच. स्त्रीला उद्देशून केलेला उपदेश आपल्यासाठी नाही, असे म्हणून काही पुरुषांनी ते बाजूला ठेवले. फ्रान्सिस यांच्या कानी हे गेले, तेव्हा १६१६ सालच्या 'देवाच्या प्रेमाविषयी' या ग्रंथात त्यांनी 'थिओटिम' असे पुरुषवाचक संबोधन घेतले. जुन्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती त्यांनी १६१९ साली काढली. तीत फिलोथिया होती तशीच राहिली.