व्हॅनिटी उभी राहते तेव्हा

मेहबूब स्टुडिओच्या आसपास किंवा बँडस्टँडच्या कडेला काचा झाकलेली लांबलचक गाडी उभी दिसली, की वांद्र्याच्या माणसाला काही सांगावं लागत नाही. शूटिंग आहे. आत कोण असेल याचे अंदाज लगेच सुरू होतात. पण ती गाडी सरळ उभी कशी केली, आतला एसी कोणत्या विजेवर चालतो, बेसिनच्या नळाला पाणी कुठून येतं आणि संडासातलं पाणी कुठे जातं, हे सहसा कुणी विचारत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग. गाडीत दिवे, नळ, बेसिन, संडास सगळं असतं. सपाट जमीन, वीज, पाणी आणि सांडपाण्याची वाट मात्र गाडी सोबत आणू शकत नाही. ती जिथे उभी राहते तिथेच या चार गोष्टी मिळवाव्या लागतात.

मेहबूब खान यांनी वांद्र्यात स्टुडिओ उभारला तो १९५४ साली. तेव्हा, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, बाहेरच्या चित्रीकरणात नायिकांना झाडाआड किंवा धरलेल्या चादरींच्या आडोशाला कपडे बदलावे लागत. संडासाची सोय तर नशिबावर. हिंदी चित्रपटसृष्टीत व्हॅनिटी व्हॅन आणण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लन यांना दिलं जातं, ते १९९० च्या दशकातलं. आज बसच्या सांगाड्यावर दोन किंवा तीन खोल्या बांधलेली, प्रत्येक खोलीला वेगळं दार आणि वेगळा संडास असलेली गाडी ही मुंबईतली नेहमीची गोष्ट झाली आहे. धंद्यात तिला डबल डोअर, थ्री डोअर असंच म्हणतात. पर्यटकांची कॅरॅव्हॅन हे तिचंच धाकटं भावंड. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे उद्या वांद्र्याचं एखादं कुटुंब अशी गाडी घेऊन कोकणात गेलं तर त्यालाही खाली सांगितलेलीच कामं, फक्त लहान प्रमाणात, करावी लागतील.

पूर्ण सोयींची जागा म्हणजे पक्की सपाट फरशी, हाताशी विजेचा खांब किंवा पेटी, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचं चेंबर. स्टुडिओच्या किंवा कॅरॅव्हॅन पार्कच्या आवारात ही चारही एकत्र मिळू शकतात. रस्त्यावर त्यातली एखादीच मिळते.

गाडी लावण्याआधी चालकाने खाली उतरून सर्वात आधी चेंबर शोधावं, असं मी आग्रहाने सांगेन. जोडणीत सांडपाण्याचा नंबर शेवटी लागतो, पण गाडी कोणत्या तोंडाने लावायची हे त्यावरच ठरतं. टाकीचं तोंड गाडीच्या एकाच बाजूला असतं. ते चेंबरच्या विरुद्ध बाजूला आलं तर नळी गाडीखालून, चाकांमधून ओढत न्यावी लागते आणि उतार संपतो. दुसरी अट दारांची. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून रस्त्यावर गाडी लावताना दारं फुटपाथकडे उघडली पाहिजेत. मेकअप करून घाईने उतरणाऱ्या माणसाचा पाय थेट रहदारीत पडता कामा नये.

मग जमीन. वांद्र्यात ही साधी गोष्ट नाही. पाली हिल आणि माउंट मेरीकडचे रस्ते चढउताराचे. रेक्लमेशनला जागा सपाट, पण ती भराव टाकून केलेली. पेव्हर ब्लॉक वरून समतल दिसतात आणि वजन आलं की एका कोपऱ्यात बसतात. गवंड्याकडे असते तशी पाणसळ खोलीच्या फरशीवर आधी आडवी, मग लांबीच्या दिशेने ठेवून पाहायची. जी बाजू खाली असेल त्या बाजूच्या चाकांखाली जाड फळ्या किंवा रॅम्प ठेवून गाडी हळू वर चढवायची, हँडब्रेक ओढायचा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावायचे. कोपऱ्यातले पाय त्यानंतर खाली सोडायचे. कॅरॅव्हॅनच्या कोपऱ्यांतले साधे पाय गाडी हलू नये म्हणून असतात. तिचं वजन उचलण्यासाठी ते नसतात, आणि त्यांनी गाडी उचलायला गेलं तर सांगाडा वाकतो. हायड्रॉलिक जॅक असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी, पण त्यांच्याही खाली रुंद फळी हवीच, नाहीतर सगळा भार एका पेव्हर ब्लॉकवर येतो.

समतलपणाचा हट्ट कशासाठी? गाडीतली प्रत्येक पाइपलाइन गाडी सपाट आहे असं धरूनच उताराने बसवलेली असते. गाडी चुकीच्या बाजूला कलली की मोरीतलं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं आणि टाकीचा काटा खोटं सांगतो. एसीचंही तेच. मुंबईच्या दमट हवेत एसी दिवसभर पाणी गाळत असतो. ते ट्रेमधून नळीवाटे बाहेर पडायला हवं. ट्रे उलटा कलला तर ते आरशावर नाहीतर प्लगवर ठिबकतं.

विजेचा हिशोब जोडणीआधी कागदावर करावा. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट घेतो. तीन खोल्यांचे तीन एसी म्हणजे साडेचार. गिझर, मायक्रोवेव्ह, केस वाळवायचा ड्रायर, इस्त्री, आरशाचे दिवे मिळून एकाच वेळी आणखी सात-साडेसात किलोवॅट सहज होतात. एकूण बारा. २३० व्होल्टच्या एका फेजवर हे घ्यायचं तर ५२ अँपिअर लागतील. तीन फेजमध्ये सारखं वाटलं तर प्रत्येकीवर साधारण १७. म्हणून अशा मोठ्या गाडीला तीन फेज बऱ्या. युरोपातल्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये निळ्या गोल प्लगमधून बहुधा फार तर १६ अँपिअर मिळतात, म्हणजे जेमतेम ३.७ किलोवॅट. तिथे गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून फिरणाऱ्या मराठी कुटुंबांना हीटर आणि किटली एकदम लावायची नाही हे लवकरच कळतं.

वीज जनरेटरची असेल तर आणखी एक गोष्ट. एसीचा कंप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. तीनही एसी एकदम चालू केले तर जनरेटर दबतो, व्होल्टेज पडतं आणि आतली यंत्रं सोसतात. एक चालू करावा, तो स्थिरावला की दुसरा. जनरेटर दारांपासून आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभा करावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

जोडणीचा क्रम पाठच असावा. गाडीतला मेन बंद. केबलच्या रिळावरून केबल पूर्ण उलगडलेली, कारण गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचं आवरण वितळतं. आधी केबलचं गाडीकडचं टोक जोडायचं, मग पुरवठ्याकडचं. म्हणजे हातात कधीच जिवंत टोक राहत नाही. त्यानंतर पुरवठा चालू, आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून तो पडतो का हे पाहणं, आणि शेवटी गाडीतला मेन. सोडताना नेमकं उलट. गाडीला जागेची वीज आणि जनरेटर दोन्ही जोडायचे असतील तर मध्ये चेंजओव्हर स्विच हवा. दोन्ही एकाच वेळी आत येण्याची शक्यताच उरता कामा नये.

अर्थिंगबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे जीव जातो. गाडीचं अंग लोखंडी आणि चाकं रबरी. आतली एखादी जिवंत तार पत्र्याला टेकली तर पत्रा करंट घेऊन नुसता उभा राहतो; आत वावरणाऱ्यांना काही कळत नाही. पावसात ओल्या जमिनीवर उभा असलेला स्पॉटदादा चहाचा ट्रे घेऊन येतो, दाराची कडी धरतो आणि करंट त्याच्यातून जमिनीत जातो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की क्षणात वीज तोडतो. मात्र तफावत दिसण्यासाठी गळालेल्या करंटला परतीची वाट हवी. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेलाच नसेल, तर आरसीसीबी असून नसल्यासारखा. टेस्ट बटण दाबल्याने आरसीसीबी चालतो एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. त्यामुळे ही जोडणी परवानाधारक वायरमननेच तपासली पाहिजे. बँडस्टँड, कार्टर रोडला समुद्राच्या खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या पडतात. त्या दर वेळी पाहून पुसाव्यात.

पाणी त्यामानाने सोपं. मुंबईत महापालिकेचं पाणी बहुतेक भागांत ठरावीक वेळेलाच येतं, म्हणून गाडी नळाला थेट जोडून चालत नाही. टाकी भरून घ्यायची आणि पंपाने खेळवायची. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, त्यासाठीच राखलेली आणि दोन्ही टोकांना टोपण असलेली हवी. भरण्याआधी थोडं पाणी वाहू द्यावं. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन. टाकी एका अंगाला असेल तर भरल्यावर पाणसळ पुन्हा लावून पाहावी. सर्व नळ उघडून हवा निघून जाऊन सलग धार येईपर्यंत थांबावं, तोवर गिझरला हात लावू नये. कोरड्या गिझरचं कॉइल बघता बघता जळतं. कॅरॅव्हॅन पार्कमध्ये थेट नळाला जोडायची सोय असेल तर मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा; गाडीतले बारीक पाइप इमारतीच्या दाबासाठी केलेले नसतात.

आता ते पाणी जातं कुठे. गाडीखाली दोन टाक्या असाव्यात: एक बेसिन आणि मोरीच्या पाण्याची, दुसरी संडासाची. चेंबरला जोडणारी नळी पूर्ण लांबीत उताराची हवी. पन्नासास एक असा उतार धरला तर दहा मीटर नळीला वीस सेंटिमीटर. मध्ये पोट आलं तर तिथे मैला साचतो, म्हणून नळीखाली विटा किंवा ठोकळे उतरत्या क्रमाने मांडायचे. मोरीच्या टाकीचा व्हॉल्व्ह जागेवर उघडा ठेवला तरी चालतो. संडासाचा मात्र कधीही उघडा ठेवू नये. तो उघडा राहिला की पाणी लगेच वाहून जातं, घट्ट भाग तळाशी बसतो आणि काही दिवसांत तिथे दगडासारखा ढीग होतो. टाकी दोनतृतीयांश भरू द्यावी, मग व्हॉल्व्ह एकदम उघडावा, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं निघून जातं. त्याआधी मोरीचा व्हॉल्व्ह तासभर बंद करून थोडं साबणाचं पाणी राखलेलं असेल तर मागोमाग तेच सोडून नळी धुता येते. आत दुर्गंधी आली तर अत्तर फवारण्याआधी जाळीत तांब्याभर पाणी ओतून बघावं. प्रवासात हिंदकळून जाळीखालच्या सापळ्यातलं, वास अडवणारं पाणी सांडलेलं असतं आणि टाकीतली हवा सरळ वर येते.

रस्त्याच्या कडेची लोखंडी जाळी म्हणजे चेंबर नव्हे. मुंबईत पर्जन्यजल वाहिनी आणि मलनिःसारण वाहिनी वेगवेगळ्या आहेत. इथल्या मलवाहिनीतलं पाणी वांद्र्याच्या प्रक्रिया केंद्राकडे जातं. पावसाच्या जाळीत सोडलेलं पाणी कुठेही न थांबता खाडीला किंवा समुद्राला मिळतं, आणि पश्चिम वांद्र्यात तो समुद्र म्हणजे चिंबईच्या कोळ्यांच्या होड्या लागतात तोच किनारा. रात्री पॅकअप झाल्यावर काळोखात टाकी जाळीत रिकामी करणं हा गुन्हा मानला गेला पाहिजे, आणि चित्रीकरणाची परवानगी देतानाच मैला कुठे जाणार हे लिहून घेतलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. चेंबर नसेल तर सक्शन टँकर बोलवावा. टाकी तुंबली तरी माणसाला आत उतरवायचं नाही, हाताने काढायला लावायचं नाही. २०१३ च्या कायद्याने ते बंद केलं आहे, आणि बंद टाकीतला विषारी वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. गाडीतला संडास कलाकारांपुरता कुलूपबंद ठेवून बाकीच्या शंभर माणसांना समुद्राकडे बोट दाखवणारं युनिटही मला पटत नाही. मुख्य गाडी उभी करणाऱ्या हातांनाच त्या चेंबरवर साध्या संडासांची आणखी एक गाडी जोडता येते.

निघताना क्रम उलटा. एसी आणि गिझर बंद, मग मेन, मग पुरवठ्याकडचा प्लग, शेवटी गाडीकडचा. आधी संडासाची टाकी, नंतर मोरीची. घाण नळी धुण्यासाठी वेगळा नळ, पिण्याच्या पाण्याचा कधीही नाही. टाक्या रिकाम्या करूनच गाडी हलवावी. अर्धवट भरलेली टाकी वळणावर आणि उतारावर वजन एका बाजूला फेकते, आणि पाली हिलवरून उतरताना चालकाला ते जाणवतं. पायऱ्या आत, जॅक वर, गुटके सर्वात शेवटी, आणि एका माणसाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारून चालकाला हात दाखवल्याशिवाय इंजिन सुरू नाही.