दीडशे मर्सिडीज आणि एक संशोधन प्रश्न

मागच्या लेखात सिनॉप्सिसचं शीर्षक कसं असावं यावर लिहिलं होतं. आज त्याच्या आधीची पायरी घेऊ. विषय आणि प्रश्न यांत फरक काय? पेटची तयारी करणाऱ्या बहुतेकांकडे विषय असतो, प्रश्न नसतो. मुलाखतीत नेमकी तिथेच गाडी अडते. उदाहरणही गाडीचंच घेतोय, आणि तेही आपल्या गावचं.

समजा तुमचा विषय आहे ‘मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपनीचा इतिहास आणि तिच्या गाड्यांचं आकर्षण’. विषय छान आहे. पण एवढ्यावर काम सुरू केलंत तर पुढे काय होणार ते मी आत्ताच सांगतो. पहिलं प्रकरण प्रस्तावना, दुसरं कंपनीचा इतिहास, तिसऱ्यात शंभर जणांना प्रश्नावली. ‘तुम्हाला ही गाडी का आवडते?’ खाली चौकटी: दर्जा, सुरक्षितता, आराम, प्रतिष्ठा. लोक पहिल्या तिन्हींवर खूण करतील, कारण ‘मला चारचौघांत मिरवायचंय’ असं लिहून देणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मग निष्कर्ष काय, तर दर्जा चांगला म्हणून गाडी आवडते. यासाठी पाच वर्षं घालवायची गरज नव्हती, कंपनीचं माहितीपत्रक वाचलं असतं तरी चाललं असतं.

आता घटना बघा. ऑक्टोबर २०१०मध्ये त्या वेळच्या औरंगाबादमधल्या उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. म्हणजे सरासरी एका गाडीला ४३ लाखांच्या आसपास. देशभर बातम्या झाल्या. आपलं शहर गुंतवणूकदारांच्या नजरेत यावं, हाही हेतू त्यामागे सांगितला गेला. मराठवाडा म्हटलं की दुष्काळाचा फोटो छापणाऱ्यांना पहिल्यांदाच वेगळा फोटो मिळाला होता.

मी वाळूजला राहतो. वाळूज एमआयडीसी म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या व्हेंडरांचं एक जाळं उभं राहिलं. डाय कास्टिंग, प्रेस शॉप, रबर, प्लेटिंग, पॅकिंग. कुणी थेट मोठ्या कंपनीला माल देतो, कुणी त्या व्हेंडरचं जॉब वर्क करतो. एन्ड्युरन्ससारखी इथली कंपनी तर पुढे जर्मनी आणि इटलीतही कारखाने चालवायला लागली. म्हणजे जर्मन गाडी इथल्या माणसाला फक्त स्वप्नातली वस्तू नव्हती. तिच्या आत कास्टिंग कुठे असतं आणि त्याचं टॉलरन्स किती असतं, हे कळणारी माणसं या शहरात होती.

आणखी एक गोष्ट. वाळूज शहराच्या एका टोकाला, तर दुसऱ्या टोकाला जालना रोडवर शेंद्रा. शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात २०१०च्या आधीपासून ऑडीच्या गाड्यांची जुळणी होत होती. ऑडीसुद्धा जर्मन, ऑडीसुद्धा आलिशान, आणि शिवाय घरची. तरी बातमी झाली ती चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीजची. तेव्हा ‘जवळ बनते म्हणून घेतली’ हे स्पष्टीकरण इथेच बाद होतं. एखादं उत्तर असं स्वस्तात बाद करता आलं तर सोडू नका, प्रबंधाचं एक अख्खं उपप्रकरण वाचतं.

आता कंपनीचा इतिहास. पण तो कशासाठी वाचायचा, ते आधी ठरवा. १८८६मध्ये कार्ल बेंझने पेटंट घेतलं, १८८८मध्ये बर्था बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला गाडी चालवत गेली, १९२६मध्ये डायमलर आणि बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या, ही जंत्री कुठेही मिळते. आपल्या कामाचा तुकडा १९००चा आहे.

एमिल येलिनेक नावाचा एक धनाढ्य व्यापारी फ्रान्समधल्या नीस शहरात राहायचा आणि तिथल्या श्रीमंतांना डायमलरच्या गाड्या विकायचा. एप्रिल १९००मध्ये त्याने कंपनीकडे एकदम ३६ गाड्यांची मागणी नोंदवली. रक्कम साडेपाच लाख मार्क. अट अशी की गाडी नव्या धर्तीची, जास्त ताकदीची हवी आणि तिला त्याच्या मुलीचं नाव द्यायचं. मुलीचं नाव मर्सिडीज. विल्हेल्म मायबाखने ३५ अश्वशक्तीची गाडी तयार केली. मार्च १९०१मध्ये नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकलं आणि १९०२मध्ये हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं गेलं. पुढच्या वर्षी तर येलिनेकने स्वतःच्याच आडनावाला ‘मर्सिडीज’ जोडून घेतलं!

हे परत एकदा वाचा. ज्या नावाला आपण ‘जर्मन तंत्रज्ञान’ म्हणतो, ते नावच मुळात एका घाऊक खरेदीतून आलंय. एक श्रीमंत ग्राहक, एक ठोक ऑर्डर, आणि ज्यांच्यापुढे गाडी मिरवायची ते नीसचे रईस. तंत्रज्ञान खोटं नव्हतं, मायबाखचं काम खरंच पुढचं होतं. पण आकर्षण कारखान्यात तयार होऊन मग बाजारात आलं, असं झालेलं नाही. खरेदीदार ते बनवण्यात पहिल्या दिवसापासून सामील होते. या नजरेने बघितलं तर औरंगाबादचे दीडशे जण काही विचित्र वागले असं वाटत नाही.

इतिहासातून अजून दोन गोष्टी घ्या. एक, डिसेंबर १९४४मध्ये डायमलर-बेंझच्या सुमारे ६३ हजार कामगारांपैकी जवळपास निम्मे सक्तीने राबवलेले परदेशी नागरिक, युद्धकैदी किंवा छळछावणीतले कैदी होते. कंपनी आज स्वतःच्या इतिहासात हे मान्य करते. गाडीच्या जाहिरातीत १८८६ असतं, १९४४ नसतं. ब्रँड म्हणजे निवडून ठेवलेली आठवण, एवढं यातून दिसतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. १९५४ ते १९६९ या काळात टेल्कोचा डायमलर-बेंझशी करार होता आणि भारतात टाटा-मर्सिडीज ट्रक बनत होते. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीने तो तीन टोकांचा तारा पहिल्यांदा पाहिला तो ऊस नाहीतर कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकच्या तोंडावर. तारा तोच होता. तेव्हा तो बघून कुणी ‘साहेब आले’ म्हणत नव्हतं. मर्सिडीजची मोटारगाडी भारतात जुळायला लागली ती १९९५मध्ये, पुण्यात. चिन्ह तेच राहून अर्थ बदलला, तर अर्थ चिन्हात नव्हता. मग कुठे होता? इथून तुमचा विषय प्रश्नाकडे सरकायला लागतो.

बारावीच्या अर्थशास्त्रात मागणीच्या नियमाचे अपवाद पाठ केलेले आठवतात? गिफेन वस्तू, प्रतिष्ठेच्या वस्तू वगैरे. परीक्षेत दोन ओळी लिहून आपण पुढे जायचो. त्या दोन ओळींमागे १८९९मधलं थॉर्स्टीन व्हेब्लेनचं दिखाऊ उपभोगावरचं पुस्तक आहे, आणि १९५०मध्ये हार्वी लायबेनस्टाइनने लिहिलेला एक लेख. लेख नक्की वाचा, गणित फार नाही.

लायबेनस्टाइन म्हणतो, दुसऱ्यांमुळे आपली मागणी बदलण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत, त्यांची खिचडी करू नका. पहिला, सगळे घेतात म्हणून मी घेतो. दुसरा, सगळे घ्यायला लागले म्हणून मी सोडतो. तिसरा, महाग आहे म्हणूनच घेतो. आता दीडशेची घटना या तिघांसमोर ठेवा. दुसरा प्रकार खरा असता तर दीडशे जण एकत्र आलेच नसते. शेजाऱ्याकडे तीच गाडी आली की ज्याची मजा जाते, तो गटात नाव नोंदवणार नाही. पहिला प्रकार इथे बसतो. तिसऱ्याचं काय?

तिसऱ्या प्रकारासाठी लायबेनस्टाइनने एक सुंदर भेद केलाय. वस्तूची खरी किंमत वेगळी आणि दिखाऊ किंमत वेगळी. खरी किंमत म्हणजे तुमच्या खिशातून प्रत्यक्ष गेलेले पैसे. दिखाऊ किंमत म्हणजे तुम्ही किती दिले असतील असं बघणाऱ्याला वाटतं ते. मिरवण्याचं समाधान दिखाऊ किमतीवर ठरतं, पण भरावी लागते खरी किंमत. मग सगळ्यात फायद्याचा सौदा कोणता? ज्यात दिखाऊ किंमत तशीच राहते आणि खरी खाली येते.

खरी किंमत खाली कशी येते? आता कर्जाकडे बघा. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१०मध्ये ‘द हिंदू’त या खरेदीवर लिहिलं. स्टेट बँकेने या गाड्यांसाठी ४० कोटींहून जास्त कर्ज दिलं, आणि ते सात टक्क्यांनी, असं त्यांनी बँक कर्मचारी संघटनेच्या नेत्याच्या हवाल्याने नोंदवलं. त्यांनी तुलना केली ती ट्रॅक्टरशी. याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जासाठी याहून बराच जास्त दर मोजावा लागत होता. कच्चा हिशेब करा. ४० कोटींवर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज २ कोटी ८० लाख. दर समजा १२ टक्के असता तर ४ कोटी ८० लाख. एका वर्षात दोन कोटींचा फरक, तोही एका सार्वजनिक बँकेच्या कर्जात. रस्त्यावरून गाडी बघणाऱ्याला हा फरक दिसत नाही, त्याला ४३ लाखच दिसतात.

गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर घसारा आणि व्याज दोन्ही खर्चात टाकता येतात, तिथे खरी किंमत अजून उतरते. इथे शेतकऱ्यावर अन्याय झाला असं पटकन लिहू नका. शेती उत्पन्नावर आयकरच नसल्यामुळे वजावटीची तुलना तिथे लागू होत नाही. व्याजदराची तुलना मात्र लागू होते, आणि तीच जास्त बोचणारी आहे. ट्रॅक्टरला दिखाऊ किंमत फारशी नसते. त्याची सगळी किंमत खरीच असते, आणि ती न झेपली की जमीन गहाण पडते.

बँकेची बाजूही मांडा, नाहीतर आरआरसीत पहिला प्रश्न तोच येईल. ठोक ग्राहक, नियमित उत्पन्न, शहरात सहज विकली जाईल अशी वस्तू तारण, यामुळे जोखीम कमी आणि म्हणून दर कमी, असं बँक म्हणू शकते. यात तथ्य आहे. पण मग तुमच्या हातात एक मोजता येणारा प्रश्न येतो: जोखमीतल्या फरकाने दरातला किती फरक समजावता येतो, आणि उरलेला कशाने? माझ्या मते मर्सिडीजच्या आकर्षणावरचा सगळ्यात चांगला प्रबंध कदाचित बँकेच्या कर्जाच्या फायलींत दडलाय, शोरूममध्ये नाही.

एक पर्यायी तर्कही तपासायला ठेवा. मायकेल स्पेन्सने १९७३मध्ये संकेताचा सिद्धांत मांडला. समोरच्याला तुमची कुवत थेट दिसत नसेल तर तुम्ही अशी खूण दाखवता जी कमकुवत माणसाला परवडणार नाही. त्या अर्थाने मर्सिडीज ही चैन नसून धंद्याचा खर्च ठरते, बँकेला आणि नव्या ग्राहकाला दाखवायची पत. वाळूजमध्ये हे लावून बघा. बिल्डर, हॉटेलवाला, डॉक्टर यांना ही खूण उपयोगी पडेल. पण ज्याचा एकच मोठा ग्राहक आहे असा व्हेंडर घ्या. तो मर्सिडीजमधून त्या कंपनीच्या गेटवर उतरला तर पर्चेसवाला साहेब काय विचार करेल? ‘याला आपण दर जास्त देतोय.’ पुढच्या वेळी प्रति नग वीस पैसे कमी. म्हणजे संकेताचा तर्क खरा असेल, तर एकाच ग्राहकावर अवलंबून असलेल्या व्हेंडरांमध्ये आलिशान गाड्या कमी दिसायला हव्यात, किंवा त्या असूनही कामावर येताना साधी गाडी वापरली जायला हवी. असं दिसलं नाही तर तर्क पडला. जो तर्क कशानेच पडू शकत नाही, तो सिनॉप्सिसमध्ये लिहू नका.

म्हणून शंभर जणांची प्रश्नावली बाजूला ठेवा आणि नोंदी शोधा. एमएच-२०च्या वाहन नोंदणीत कोणत्या कंपनीच्या किती गाड्या कोणत्या वर्षी आल्या ते बघा. नोंद व्यक्तीच्या नावावर आहे की फर्मच्या, हे वेगळं काढा. कंपन्यांच्या वार्षिक ताळेबंदात वाहनांची रक्कम आणि वाहनकर्ज सापडतं. बँकांच्या जिल्हावार कर्जाचे आकडे रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. मुलाखती शेवटी घ्या, आणि ‘गाडी का आवडते’ असं विचारण्याऐवजी ‘गाडी कुठे नेत नाही’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक जाहिरातीतलं उत्तर देतात, दुसऱ्याला खरं.

आता शीर्षक. ‘आलिशान मोटारींच्या ग्राहकांची पसंती: एक चिकित्सक अभ्यास’ हे खोडा. त्याऐवजी असं काहीतरी करून बघा: ‘छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील आलिशान मोटारी आणि ट्रॅक्टर यांच्या कर्जदरांतील तफावत, २००५ ते २०१५’. ऐकायला कोरडं आहे, गाईड कदाचित नाक मुरडतील. पण यात ठिकाण आहे, काळ आहे, तुलना आहे, आणि सांगितलेली नोंद मिळाली नाही तर काम अडेल हेही पहिल्याच महिन्यात कळतं. पुढच्या लेखात माहिती अधिकाराचा अर्ज संशोधनासाठी कसा लिहायचा ते बघू, कारण या विषयाला तो लागणारच.