लघवीच्या 'कल्चर' रिपोर्टला दोन-तीन दिवस का लागतात? त्यातल्या एस, आय, आरचा अर्थ काय?

देवळाली प्रवरा : लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. डॉक्टर 'कल्चर' करायला सांगतात आणि रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो. मग "तोवर मेडिकलमधून गोळ्या घेऊ" असं अनेकजण करतात. घोळ इथंच होतो.

लॅबमध्ये काय होतं?
जंतू आधी वाढवावे लागतात. त्याला साधारण 18 ते 24 तास जातात. वाढलेले जंतू सलाईनमध्ये ठरावीक प्रमाणात मिसळून मशीनला देतात. 'व्हायटेक-2' हे असंच एक मशीन. त्यात बोटभर लांबीचं प्लास्टिकचं कार्ड बसतं आणि कार्डावर 64 बारीक खळगे असतात. एका कार्डावरून जंतूचं नाव कळतं. दुसऱ्या कार्डात वेगवेगळी अँटिबायोटिक्स कमी-जास्त प्रमाणात भरलेली असतात. मशीन दर 15 मिनिटांनी बघतं, की जंतू कुठं वाढला आणि कुठं थांबला. नाव काही तासांत कळतं; औषधांच्या निकालाला 18 तासांपर्यंत लागू शकतात.

मशीन नसेल तिथं औषधाच्या गोल चकत्या ठेवून हीच तपासणी हातानं होते. तीही भरवशाची आहे. आपल्या भागाला जवळ असलेल्या लोणीसारख्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असतो.

रिपोर्ट कसा वाचायचा?
▪ एस : औषध लागू पडण्याची शक्यता चांगली.
▪ आय : नेहमीच्या डोसचा भरवसा नाही, डॉक्टर ठरवतील.
▪ आर : जंतू या औषधाला दाद देत नाही.

शेजारी 'एमआयसी' आकडा असतो. जंतूची वाढ थांबवणारं ते कमीत कमी प्रमाण. पण दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून 'लहान आकडा म्हणजे भारी औषध' असं समजू नका. आजार, किडनी, वय, गरोदरपण बघून औषध डॉक्टरच निवडतात.

हे लक्षात ठेवा
▪ नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी द्या. गोळी पोटात गेली की जंतू लॅबमध्ये कदाचित वाढणार नाही आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो.
▪ आधीच गोळी घेतली असेल तर लपवू नका, सांगा.
▪ लघवीची पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्या, दोन तासांत लॅबला पोहोचवा.
▪ पेशंट गंभीर असेल तर रिपोर्टची वाट पाहत घरी थांबू नका. डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात, रिपोर्ट आल्यावर गरजेप्रमाणे बदलतात.
▪ पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

गाईला दगडी (कासदाह) झाली तरी नियम हाच : दुधाचा नमुना आधी, इंजेक्शन नंतर.