चाळीस दिवसांची ऊब

गव्हाणच्या खाडीकाठच्या माणसाला मासेखाऊ पक्ष्यांचं नवल नाही. बगळा, खंड्या, पाणकावळा हे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. पण पंख असूनही न उडणारा आणि पाण्यात मात्र बाणासारखा सुटणारा पक्षी पाहायचा, तर अटल सेतूवरून शिवडी आणि तिथून भायखळ्याची राणीची बाग गाठावी लागते. भारतात पेंग्विनचं पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं ते याच बागेत.

पेंग्विन म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फ येतो. राणीबागेतले हम्बोल्ट पेंग्विन मात्र बर्फातले नाहीत. पेरू आणि चिलीचा कोरडा, उन्हाचा किनारा हे त्यांचं मूळ घर. तिथल्या समुद्रातून थंड हम्बोल्ट प्रवाह वाहतो, म्हणून तिथे मासळी भरपूर. त्यांचं मुख्य खाणं अँचोवी आणि सार्डिन, म्हणजे आपल्या मांदेली-तारलीचे भाऊबंद. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरांत बीळ करून ते अंडी घालतात. एकोणिसाव्या शतकात हे थर खतासाठी खरवडून नेले गेले आणि त्यांची घरट्यांची जागाच गेली. एल निनोच्या वर्षी पाणी तापतं, मासळी दूर जाते, पिल्लं उपाशी मरतात. आज ही जात जगभरात धोक्यातली मानली जाते.

जुलै २०१६ मध्ये सोलच्या कोएक्स मत्स्यालयातून आठ पेंग्विन मुंबईत आले. त्यांतली डोरी ही मादी ऑक्टोबरमध्ये संसर्गाने दगावली. उरलेले सात जण मार्च २०१७ पासून लोकांना दिसू लागले. त्यांच्या दालनातली हवा साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवतात, पाणीही थंड करावं लागतं.

५ जुलै २०१८ रोजी फ्लिपर या मादीने अंडं घातलं. ती आणि तिचा जोडीदार मोल्ट आळीपाळीने उबवायला बसू लागले. पेंग्विनमध्ये हे काम एकट्या आईचं नसतं. एक जण अंड्यावर असताना दुसरा खाऊन, पोहून येतो आणि मग पाळी बदलते. चाळीस दिवस गेले आणि १५ ऑगस्टच्या रात्री कवच फुटलं.

आठवडाभरात ते पिल्लू गेलं. शवविच्छेदनात दोन गोष्टी आढळल्या: यकृत नीट काम करत नव्हतं आणि पोटातला पिवळा बलक जिरलेला नव्हता. अंड्यातून निघण्याआधी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. पहिले काही दिवस तीच त्याची शिदोरी. ती जिरली नाही तर तिथेच जंतू वाढतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते लवकर कळतही नाही.

म्हणून सुरुवातीचे दिवस डोळ्यांत तेल घालून काढावे लागतात. मुठीएवढं, राखाडी लव असलेलं पिल्लू आईबापांच्या पोटाखाली दडलेलं असतं. भूक लागली की मान वर करून चोच हलवतं. मग आई किंवा बाप वाकतो, पिल्लाची चोच आपल्या चोचीत घेतो आणि अर्धवट पचलेली मासळी त्याच्या घशात सोडतो. पिल्लू भरतंय की नाही हे वजनावरून कळतं. आईबाप कमी पडले तरच माणसाने हात घालायचा. मोठ्या पेंग्विनला मासा भरवताना तो डोक्याकडून देतात, म्हणजे पर आणि खवले घशात अडकत नाहीत.

पिल्लाला लगेच पोहता येत नाही. अंगावरची लव पाणी शोषते. ती गळून पाणी न धरणारी पिसं यायला अडीच-तीन महिने लागतात. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे लिंग ठरवायला डीएनए तपासणी करावी लागते.

तीन वर्षांनी यश आलं. १ मे २०२१ रोजी, महाराष्ट्र दिनी, डोनाल्ड आणि डेझीला पिल्लू झालं. त्याचं नाव ओरिओ. त्याच ऑगस्टमध्ये मोल्ट-फ्लिपरच्या घरट्यातही पिल्लू आलं, त्याचं नाव ऑस्कर. ज्या जोडीचं पहिलं पिल्लू आठ दिवसही जगलं नव्हतं, तिचंच हे पिल्लू वाढलं. त्यानंतरही पिल्लं होत राहिली आणि सातांचा कळप कितीतरी मोठा झाला.

हे पेंग्विन आणावेत की नाहीत, यावर मुंबईत पुष्कळ वाद झाला. खर्चाचा प्रश्न रास्तच होता. पण आणलेल्या जिवांची नीट काळजी घेतली जाते का, हे पिल्लांवरूनच पारखायचं, आणि त्या कसोटीला राणीबाग उतरली आहे.

मुलांना घेऊन जाणार असाल तर बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते. आणि पेंग्विनच्या दालनात काचेवर टकटक करू नका, फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. आत एखादी जोडी अंड्यावर बसलेली असू शकते.