सर्व्हरची विश्वासार्हता : आधार कोणाचा?

झोतभट्टी एकदा पेटविली म्हणजे ती वर्षानुवर्षे अहोरात्र धगधगत ठेवावी लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. १९५५ सालच्या करारान्वये हा कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला होता. पुढे १९९१ मध्ये सोव्हिएत संघच लयाला गेला. परंतु भिलाईचे काम थांबले नाही. यंत्रे चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे ज्ञान तोवर येथील अभियंत्यांनी आत्मसात केले होते.

हीच कसोटी सर्व्हरलाही लागू पडते. अनेकांची कामे एकाच वेळी, अखंड पार पाडणारा संगणक म्हणजे सर्व्हर, आणि त्याच्या सर्व व्यवहारांचे नियमन करणारी आज्ञावली म्हणजे संचालन प्रणाली होय. ही प्रणाली विकत घ्यावी की मुक्त असलेली स्वीकारावी, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे उभा राहतो.

विकत घेतलेल्या प्रणालीबरोबर करार येतो. बिघाड झाल्यास उत्तरदायी कोण, हे त्यात निश्चित असते. मात्र या आधारालाही मुदत असते. 'विंडोज सर्व्हर २०१२' या प्रणालीचा नियमित आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. त्यानंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी वेगळे मूल्य मोजावे लागले.

मुक्त प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व सुधारता येते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेले लिनक्स हे तिचे ठळक उदाहरण. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवरच चालत आला आहे. तेव्हा विनामूल्य म्हणजे कच्चे, ही समजूत निराधार ठरते. शिवाय 'रेड हॅट'सारख्या कंपन्या याच लिनक्ससाठी मूल्य घेऊन आधार देतात. याचा अर्थ असा की, मूल्य प्रणालीचे नसून जबाबदारीचे असते.

तथापि मुक्त प्रणालीतही धोका आहे. रेड हॅटच्याच आज्ञावलीवरून सिद्ध होणारी 'सेंटओएस' ही विनामूल्य प्रणाली असंख्य संस्था वापरीत असत. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल, अशी अपेक्षा होती. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत एकाएकी २०२१ अखेरपर्यंत आखूड करण्यात आली. करार नसल्याने दाद मागण्यास जागा नव्हती. परंतु मूळ आज्ञावली खुली असल्यामुळे 'रॉकी लिनक्स' व 'अल्मालिनक्स' हे पर्याय काही महिन्यांतच उभे राहिले.

उलटपक्षी, जुलै २०२४ मध्ये 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा-आज्ञावलीतील एका सदोष बदलामुळे विंडोजवरील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळ व रुग्णालये यांचे व्यवहार खोळंबले. कित्येक संगणक तर जागेवर जाऊन, एकेक करून, हातानेच सुरू करावे लागले. त्या वेळी करारपत्रापेक्षा जवळचा जाणता माणूसच उपयोगी पडला.

सारांश, ज्या संस्थेपाशी कुशल मनुष्यबळ नाही, तिने आधार विकत घ्यावा, हेच शहाणपणाचे. आणि जिच्यापाशी ते आहे, तिला मुक्त प्रणाली अधिक स्वातंत्र्य देईल. परंतु दोन्ही पक्षी नोंदींच्या प्रती नियमित काढणे, त्या परत उतरवून पाहणे आणि आधाराची अंतिम तारीख ध्यानात ठेवणे, ही कर्तव्ये टळत नाहीत. आधार बाहेरून घेता येतो. जाणकारी मात्र घरातच असावी लागते.