नवी इमारत झाली, पण नववीतल्या मुलाला वाचता येते का?

गेल्या वर्षी नगर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत संगणक कक्षाचे उद्घाटन होते. आम्हा काही कार्यकर्त्यांनाही बोलावणे होते. खोल्यांना नवा रंग, नवी बाकडी, दाराशी संगमरवरी पाटी. कार्यक्रम संपल्यावर आम्ही नववीतल्या एका मुलाला सहज विचारले, "पाटीवर काय लिहिलंय रे?" त्याने 'शाळा', 'दिनांक' असे सुटे शब्द वाचले. 'उद्घाटन' आणि 'कार्यसम्राट' या शब्दांवर तो अडला आणि हसून पळून गेला. वर्गशिक्षक म्हणाले, "प्रत्येक तुकडीत असे सात-आठ जण आहेत. अभ्यासक्रम संपवायचा की बाराखडी शिकवायची, तुम्हीच सांगा."

त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण ते सात-आठ जण कोण आहेत हे पाहिले तर आपल्यालाही उत्तर शोधावे लागते. त्यात बौद्ध आणि मातंग वस्तीतली मुले आहेत, पारधी आणि भिल्ल आहेत, पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबातली आहेत. म्हणून माध्यमिक शाळेतले वाचन, शाळेत येणाऱ्या नव्या सुविधा आणि तिथली सांस्कृतिक विविधता या तीन गोष्टी एकत्र समजून घ्याव्यात, असे आम्हाला वाटते.

नववीपर्यंत वाचता न येणे घडते कसे?

हा एका गावाचा प्रश्न नाही. 'असर' या देशव्यापी पाहणीचा २०२३ सालचा अहवाल १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलांवर होता. या वयातल्या सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नाही, असे त्यात आढळले. याच वयोगटातली ८६ टक्क्यांहून अधिक मुले शाळा-कॉलेजात दाखल होती. म्हणजे पटावर नाव आहे, पण वाचन नाही.

आपल्या जिल्ह्यात याचे एक कारण डोळ्यांसमोर आहे. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला. ज्यांच्या कोयत्यावर साखर पिकते त्यांची मुले मात्र दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर फडावर जातात, कोपीत राहतात आणि मार्च-एप्रिलला परततात. दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते. असे चार-पाच हंगाम गेले की मूल वयाने वर चढत राहते आणि वाचन तिसरीतच थांबते.

सरकारी योजनांतही फट आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. पण हा कायदा ६ ते १४ वयापुरता आहे. पंधरा वर्षांचा नववीतला मुलगा या दोन्हींच्या बाहेर उरतो. प्राथमिकवाले म्हणतात तो आता हायस्कुलात गेला, हायस्कूलवाले म्हणतात हे काम प्राथमिकचे होते.

याची किंमत लगेच द्यावी लागते. आठवीत असताना एनएमएमएस परीक्षा उत्तीर्ण होऊन गुणवत्ता यादीत आले, तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. ती खास गरीब घरातल्या मुलांसाठी आहे. ज्याला प्रश्नपत्रिकाच वाचता येत नाही, त्याच्यासाठी ती नसल्यासारखी. पुढे दहावी हुकली की मुलाच्या हाती कोयता येतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

हा वारसा याच मातीतला

सिंथिया फरार यांची मुलींची शाळा नगरमध्ये होती. १८४८ च्या सुमारास जोतीराव फुले यांनी ती पाहिली आणि त्यानंतर पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले ते याच नगरला, फरारबाईंकडे. नगरहून १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेत काही वर्षे शिकलेली ही चौदा वर्षांची मुलगी मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहीत होती. म्हणजे आज आपल्या जिल्ह्यात आठवी-नववीत बसणाऱ्या मुलीएवढी. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवारही याच जिल्ह्यातले. त्यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले.

हे आठवायचे ते अभिमानासाठी तर आहेच, पण मोजमापासाठीही. चौदाव्या वर्षी मुलगी आपल्या समाजाचे दुःख आपल्या शब्दांत लिहू शकते, हे या मातीने १७० वर्षांपूर्वी पाहिले आहे. आजच्या शाळेकडून आपण त्यापेक्षा कमी का मागावे?

हायस्कुलात वाचन कसे शिकवता येते?

मोठ्या मुलाला वाचन शिकवणे अवघड नाही, पण त्याची पद्धत वेगळी आहे.

पहिले काम तपासणीचे. एकेका मुलाला बाजूला बसवून अक्षरे, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि छोटी गोष्ट वाचायला द्यायची. पाच मिनिटांत कळते की तो कुठे अडतो. वर्गासमोर उभे करून हे कधीही करू नये. वाचता येत नाही हे लपवण्यात या मुलांची सगळी हुशारी खर्च होत असते.

दुसरे, गट इयत्तेनुसार पाडू नयेत, वाचनाच्या पातळीनुसार पाडावेत. आठवीतला आणि नववीतला मुलगा एकाच गटात बसू शकतो. त्या गटाला 'ढ' किंवा 'कच्चा' असे नाव चिकटू द्यायचे नाही.

तिसरे, मुले नेमकी कुठे अडतात ते ओळखावे. बहुतेकांना सुटी अक्षरे आणि काना-मात्रा येतात. घोटाळा होतो जोडाक्षरांत. 'सूर्य', 'प्रश्न' आणि 'राष्ट्र' या तिन्ही शब्दांत र आहे, पण तिन्हीकडे तो वेगळा दिसतो. हे कोणी नीट दाखवलेलेच नसते. विज्ञानाच्या पुस्तकात तर दर ओळीला असे शब्द. एकेक शब्द जुळवत मूल ओळीच्या शेवटी पोहोचते तोवर सुरुवात विसरलेली असते. म्हणून रोज मोठ्याने, जोडीने, तोच परिच्छेद तीन-चारदा वाचण्याचा सराव लागतो.

चौथे, मजकूर वयाला शोभणारा हवा. मिसरूड फुटलेल्या मुलाला चिऊ-काऊची गोष्ट दिली तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. एसटीच्या पाट्या, रेशनकार्ड, क्रिकेटची बातमी, मुकादमाने दिलेल्या उचलीचा हिशेब, संविधानाची उद्देशिका यांतून शिकवावे. त्याने तोंडी सांगितलेला प्रसंग आपण लिहून त्यालाच वाचायला द्यावा.

रोज एक तास, सलग दोन महिने आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी, एवढी शिस्त पाळली तर फरक दिसतो.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या थोरल्या भावानेच त्याला संघातून जायला सांगितले. भगवान बुद्धांनी त्याला घालवले नाही. हाती स्वच्छ कापड दिले आणि वेगळ्या रीतीने शिकवले. आपल्या शाळांना आज हेच करायचे आहे.

सुविधा आल्या, पण वापरतो कोण?

नव्या खोल्या, संगणक, प्रयोगशाळा आल्याच पाहिजेत. त्यासाठी आपण भांडलोही आहोत. पण सुविधा पाहायला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा: ती किती वाजता उघडते? चावी कोणाकडे असते? आत कोण बसते? अनेक शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले कुलूपबंद कपाट असते. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसते आणि मासिक पाळीच्या दिवसांत मुली घरी राहतात. महिन्याला असे तीन-चार दिवस बुडाले तर वाचनाचा सराव टिकणार कसा?

काही सुविधा कागदावर आहेत, त्या मुलांपर्यंत पोहोचवणे आपले काम आहे. चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाने आता आपला जिल्हा ओळखला जातो. त्यांच्याच नावाच्या योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे. त्यात आपले पाथर्डी आणि जामखेड आहेत. गाव सोडताना मूल वसतिगृहात राहिले तर दुसरे सत्र वाचते. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीतल्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. कागदपत्रांत 'बौद्ध' लिहिलेल्या कुटुंबांचा जातीच्या दाखल्यावरून गोंधळ होतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, हे पालकांना समजावून सांगावे आणि दाखला वेळेत काढून द्यावा.

विविधता स्नेहसंमेलनापुरती नको

शाळांत सांस्कृतिक विविधता म्हटले की स्नेहसंमेलनातला आदिवासी नाच आठवतो. नाच होऊ द्या. पण उरलेले दिवस त्या मुलाला शाळेत काय म्हणून हाक मारतात? पारध्याच्या मुलावर चोरीचा आळ आधी येतो का? वर्ग झाडायला नेहमी कोणाला सांगतात?

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाला सन्मानाने जगता येईल का, हा प्रश्न नगर जिल्ह्यातल्या पालकांच्या मनात तेव्हापासून अधिकच ठळक झाला आहे.

याबाबत संविधान स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा पूजेला बसण्याची सक्ती करता येत नाही, अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते, असे कलम २८ सांगते. हे मुख्याध्यापकांना आवाज न चढवता, लेखी अर्जाने सांगावे.

विविधतेचा वाचनाशी थेट संबंध आहे. पारधी घरात गुजराती वळणाची बोली असते, वडार घरात तेलुगू वळणाची, भिल्लांची आणि अकोल्यातल्या ठाकरांची बोली आणखी वेगळी. शाळेतली मराठी या मुलांना नवी असते, आणि 'तुझी भाषा अशुद्ध' म्हटले की त्यांचे तोंड बंद होते. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात प्रसंग आहे. दोन ब्राह्मण भिक्खूंनी बुद्धवचन छंदस भाषेत घालण्याची परवानगी मागितली, ती भगवान बुद्धांनी नाकारली आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत ते शिकावे असे सांगितले. मुलाचा शब्द आधी फळ्यावर येऊ द्या, त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द लिहा.

थोडे स्वतःकडेही पाहू. आपल्या विहारांतल्या अभ्यासिकेत पारधी, भिल्ल, मुस्लिम मुले किती येतात? शेजारच्या मातंग वस्तीतली? आम्ही ज्या विहारात काम करतो तिथे पहिल्या वर्षी एकही आले नव्हते. दार उघडे होते, पण आम्ही कोणाच्या घरी जाऊन बोलावले नव्हते.

१४ एप्रिलपासून सुरुवात

भीमजयंती येते तेव्हा कोयत्यावर गेलेली कुटुंबे परतलेली असतात. जूनच्या मध्यात शाळा उघडते. मध्ये दोन महिने मिळतात. प्रत्येक तालुक्यातल्या तरुणांनी एवढेच ठरवावे: जयंतीच्या आठवड्यात वस्तीतल्या सहावी ते नववीच्या प्रत्येक मुलाचे वाचन तपासायचे, अडलेल्यांचा रोज एक तास विहारात किंवा शाळेत वर्ग घ्यायचा, जयंतीच्या वर्गणीतून पुस्तके आणि फळा घ्यायचा. दहा मुलांमागे एक बारावी झालेला तरुण किंवा तरुणी पुरते. जूनमध्ये पुन्हा तपासून ती यादी मुख्याध्यापकांना द्यायची आणि शाळेच्या वेळापत्रकात वाचनाचा तास मागायचा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. तिथे आपल्या वस्तीतली आई बसली पाहिजे आणि हा विषय तिने मांडला पाहिजे.

तो नववीतला मुलगा आता दहावीत आहे. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी विहारात येतो. परवा त्याने 'राष्ट्र' हा शब्द न अडखळता वाचला. बोर्डाच्या परीक्षेला फार दिवस उरलेले नाहीत. त्याच्या तुकडीतले बाकीचे सहा-सात जण अजून यायचे आहेत.

जयभीम.