माळ्यावरची दुसरी पेटी

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर बहुधा दोन पेट्या सापडतात. एक हार्मोनियमची. तिच्याविषयी घरात कोणाला ना कोणाला काही सांगता येते: आजी तिच्यावर नाट्यपदे वाजवीत असे, काकांनी गायनशाळेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, वगैरे. दुसरी पेटी तिच्याहून लहान व चपटी असते, कडी गंजलेली असते, आणि ती कशाची म्हणून विचारले तर "आजोबांचा टाइपरायटर. आता चालत नाही," एवढेच उत्तर मिळते. पहिल्या पेटीवर मी शिकवण्या करतो. दुसरीचा नाद मला गेली काही वर्षे लागला आहे आणि आज चार शब्द लिहावयाचे ते तिच्याविषयी.

कचेरीतला टाइपरायटर हा टेबलाचाच एक भाग होऊन बसलेला असे. तो उचलावयाचा म्हणजे शिपाई बोलवावा लागे. प्रवासात बरोबर नेता येईल असे यंत्र लोकांच्या हाती खऱ्या अर्थाने पडले ते 1912 साली अमेरिकेत निघालेल्या 'कोरोना'मुळे. हिची गाडी पुढे वळून कळांवर दुमडते आणि वजन जेमतेम तीन किलो भरते. जागा वाचविण्यासाठी कळांच्या चार ओळींच्या तीन केल्या. त्यामुळे एकेका कळेवर तीन-तीन चिन्हे आली व ती उठविण्यास दोन निरनिराळ्या शिफ्ट कळा द्याव्या लागल्या. पहिल्या महायुद्धात वार्ताहरांनी आणि सैनिकी अधिकाऱ्यांनी ही पेटी पुष्कळ वापरली. पुढे 1920 साली रेमिंग्टनने चारही ओळी लहान पेटीत बसवून दाखविल्या. त्या यंत्रात अक्षरांच्या दांड्या आडव्या निजलेल्या असतात. बाजूची कळ ओढली की त्या एकदम उठून उभ्या राहतात. पहिल्यांदा पाहणारे मूल हमखास हसते.

संगीताच्या माणसाला जवळची वाटावी अशी गोष्ट स्वित्झर्लंडची आहे. तेथील पायार हे घराणे एकोणिसाव्या शतकापासून संगीतपेट्या करी, पुढे ते ग्रामोफोन करू लागले, आणि त्याच कारखान्यातून 'हर्मिस' टाइपरायटर निघाले. 1935 सालची त्यांची 'हर्मिस बेबी' चार किलोंच्या आतली, एखाद्या जाड चोपडीएवढी उंच. जिच्या पूर्वजांनी बारीक पोलादी दात छेडून सूर काढले तिच्या अंगी हलक्या हाताची कारागिरी असली तर नवल नाही. इटलीच्या ऑलिव्हेत्तीने 1950 साली 'लेत्तेरा 22' काढली. तिचे रूप मार्चेल्लो निझ्झोली यांनी घडविले आणि 1954 साली तिला 'कंपासो दोरो' हे पारितोषिक मिळाले. हे यंत्र आजही डोळ्यांना जुने वाटत नाही.

देवनागरीची गोष्ट निराळी आहे. चाळीस-पंचेचाळीस कळांत आपली बाराखडी आणि जोडाक्षरे बसवावयाची म्हणजे संसार दोन खोल्यांत थाटण्यासारखे. म्हणून ख, ध, भ यांसारखी अक्षरे आधी अर्धी उठवून मग काना मारून पुरी करावयाची. उकार आणि मात्रा उठताना गाडी पुढे सरकत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. यंत्राची तपासणी मात्र देवनागरीत सोपी. एखादी दांडी केसभर वर-खाली झाली की शिरोरेषा तुटते आणि दोष लपत नाही.

आता दुरुस्तीविषयी. मला यंत्रशास्त्र येत नाही. मी कानाने सुरुवात करतो. विलंबित लयीत एकेक कळ दाबत जावे. ज्या दांडीचा ठोका उशिरा पडतो किंवा जी परत जाताना रेंगाळते, ती कान बरोबर टिपतो. मग डोळ्यांनी पाहावयाचे. शंभरातल्या बहुतेक 'बिघडलेल्या' यंत्रांत काहीही मोडलेले नसते. ज्या अर्धवर्तुळाकार पट्टीच्या खाचांत दांड्या बसतात, तेथे कोणा हौशी माणसाने पूर्वी तेल सोडलेले असते. तेलात धूळ बसते, तिचा चिकटा होतो आणि दांड्या जखडतात. त्यावर पुन्हा तेल घालणे हा उपाय नव्हे. आधी कोरड्या मऊ ब्रशाने धूळ काढावी, मग खाचांत टर्पेंटाइनचा ब्रश फिरवावा, दांडी मागेपुढे खेळवावी, पुसावे. असे तीन-चार वेळा केले की बहुतेक दांड्या मोकळ्या होतात. तेलाचा एखादा थेंब द्यावयाचाच तर तो गाडीच्या रुळपट्टीस, खाचांस कदापि नाही. बाहेरचा रंग ओल्या फडक्याने पुसावा. स्पिरिट लावले तर कंपनीचे सोनेरी नाव पुसून जाते आणि ते पुन्हा येत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार गाडी न सरकण्याची. गाडी ओढणारी एक बारीक दोरी किंवा पट्टी असते; तिचे दुसरे टोक कमानीच्या डबीला बांधलेले असते. ती तुटली की यंत्र मेले असे घरचे लोक ठरवितात. वास्तविक मजबूत दोरी बांधून डबीला काही वेढे दिले की गाडी धावू लागते. वेढे देताना डबी हातून सुटू देऊ नये, कमान भर्रकन उलगडते आणि बोट कापते. तिसरी गोष्ट रबरी रुळाची. पन्नास-साठ वर्षांत रबर दगडासारखे होते, ठोका कर्कश येतो, टिंबे कागदाला भोके पाडतात. नवे रबर चढवून मिळाले तर उत्तम. तोवर कागदामागे आणखी एक कागद घालावा. आवाज लगेच खाली येतो.

येथवर कोणाचे दुमत होणार नाही. खरा प्रश्न पुढे येतो तो असा, की दुरुस्ती कोठे थांबवावयाची? माझे वडील दरबारी वादक होते. तंबोरा कारागिराकडे देताना ते बजावीत: तारा बदल, जवारी काढ, पण भोपळ्याला आणि पट्टीला हात लावू नकोस. लहानपणी मला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटे. त्यातला अर्थ मला कळला तो एका टाइपरायटरमुळे.

आमच्याच गावातल्या एका जुन्या घराण्यातील बाई आजोबांची 'कोरोना' घेऊन माझ्याकडे आल्या. आजोबा संस्थानी नोकरीत होते. यंत्रात दोन खोडी होत्या: इंग्रजी 'ई' ओळीच्या जरा वर उठे, आणि 'आर'चा पाय झिजून तुटला होता. 'ई'ची दांडी हलके वाकवून सरळ करणे पाच मिनिटांचे काम. मी पक्कड हाती घेतली तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा, मास्तर. ती तशीच असू द्या." मग त्यांनी पिशवीतून पिवळ्या पडलेल्या कागदांची चळत काढली. फिरतीवरच्या आठवणी, चाळीसेक पाने, खाली सही नाही, वर नाव नाही. घराण्याच्या दोन शाखांत त्या कोणाच्या यावरून जुना वाद होता. एक शाखा म्हणे थोरल्या भावाच्या, दुसरी म्हणे धाकट्याच्या. आम्ही यंत्रावर एक कागद घालून तीच पहिली ओळ उठविली आणि दोन्ही कागद खिडकीशी धरले. 'ई' तेवढीच वर, 'आर'चा पाय तेथेच तुटका.

यावरून लिहिणारा कोण ते सिद्ध होत नाही; यंत्र एकच, एवढे मात्र नक्की. थोरल्या भावाने धाकट्याच्या खोलीत बसून टंकलेखन केलेही असेल. पण त्या पानांना आता एक घर मिळाले, आणि ते त्या वाकड्या 'ई'ने दिले. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी दांड्या धुतल्या, दोरी नवी बांधली, 'ई' तशीच ठेवली. यंत्र आज उत्तम चालते.

तेव्हापासून माझा नेम ठरला आहे. यंत्र चालते करावे, नवे करू नये. पेटी उघडल्यावर, खिळ्याला हात लावण्याआधी, उठतील तेवढी सर्व अक्षरे एका कागदावर उठवून घ्यावीत, तारीख घालावी आणि तो कागद पेटीतच ठेवावा. दुरुस्तीनंतर दुसरा कागद घ्यावा. जुनी फीत वाळली असेल तर नवी घालावी, पण मूळची रिळे टाकू नयेत; पुष्कळ लहान यंत्रांची रिळे त्या-त्या कंपनीच्या मापाची असतात आणि हरवली की जोडी जमत नाही.

हे आज सांगण्याचे कारण असे की या पेट्या झपाट्याने नाहीशा होत आहेत. गोदरेजने 1955 साली सुरू केलेले टाइपरायटरचे उत्पादन 2009 साली थांबविले. कळा जुळवून देणारे जुने मिस्त्री आता गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. भंगारवाला वजनाने घेतो तो एक भाग. त्याहून वाईट म्हणजे काचेच्या गोल कळा उपटून त्यांच्या अंगठ्या आणि कर्णफुले करून विकण्याची टूम निघाली आहे. एका कर्णफुलाच्या जोडीसाठी सबंध यंत्र मुके होते. तंबोऱ्याच्या खुंट्या काढून कोणी त्यांची खेळणी केली तर आपल्याला काय वाटेल?

तेव्हा दिवाळीची झाडलोट निघेल त्या वेळी ती दुसरी पेटी खाली उतरवा. फडक्याने पुसा, एक कागद घाला, उठतील ती अक्षरे उठवा. मग कपाटातली आजोबांची पत्रे काढून दोन्ही शेजारी धरा. जमले तर घरातल्या मुलालाही बोलवा. घंटा वाजली की गाडी मागे ओढावयाची असते हे त्याला कोणीतरी दाखविले पाहिजे.